बाजार उघडा ठेवायचा तर कोणत्या आकड्यावर? सम-विषम, दुपारचे ४ की गर्दीची मर्यादा?

रविवार_कारंजा
नाशिकमधल्या दुकानदारांच्या बैठकीसाठी टिपण करतोय. विषय असा की पुन्हा कोविडसारखी साथ आली, तर बाजार कोणत्या अटींवर उघडा ठेवायची मागणी करायची. २०२० चं सम-विषम (रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सम तारखेला, दुसऱ्या बाजूची विषम तारखेला), मार्च २०२१ अखेरचं बाजारात शिरायचं तासाला ५ रुपयांचं तिकीट, जून २०२१ चे निर्बंधांचे पाच स्तर आणि दुपारी ४ ला दुकानं बंद, हे सगळं आपल्या शहराने पाहिलंय. नुसतं ‘४ वाजता शटर नको’ लिहून दिलं तर प्रशासन ऐकणार नाही. निकषांत नेमकं काय चुकलं आणि त्या जागी काय मागावं? मेन रोड, दहीपूल, भद्रकालीसारखे अरुंद रस्ते डोळ्यांसमोर ठेवून सांगा.

आकडेमोड
आधी स्तर समजून घ्या, कारण पुढच्या वेळीही असंच काहीतरी येईल. राज्य सरकारच्या ४ जून २०२१ च्या आदेशात दोन आकडे होते: पॉझिटिव्हिटी (म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्यात ते. स्तराचा आकडा जितका मोठा, निर्बंध तितके कडक. पॉझिटिव्हिटी ५ ते १० टक्के, किंवा खाटा ४० टक्क्यांहून जास्त भरलेल्या, तर स्तर ३. १० ते २० टक्के, किंवा खाटा ६० च्या वर, तर स्तर ४. आकडे गुरुवारी जाहीर, अंमल सोमवारपासून. ही गुरुवार-सोमवारची सोय चांगली होती, ती जरूर मागा. माल भरायला आणि कामगारांना कळवायला तीन दिवस मिळतात.

घोळ छेदात होता. समजा आठवड्यात १,२०० आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेतल्या) चाचण्या झाल्या आणि १३२ बाधित निघाले. म्हणजे ११ टक्के, स्तर ४. आता भाजीवाले, रिक्षावाले अशा लक्षणं नसलेल्या लोकांच्या १,८०० अँटिजेन (झटपट निकालाच्या) चाचण्या त्यात मिसळा. त्यांत ३६ बाधित. एकूण १६८ भागिले ३,००० म्हणजे ५.६ टक्के. साथ तेवढीच, स्तर मात्र ३ वर आला. शिवाय अँटिजेन चाचणीतून बरेच बाधित निसटतात. म्हणून २५ जूनच्या आदेशाने फक्त आरटी-पीसीआर धरली आणि सगळीकडे किमान स्तर ३ ठेवला. पण उलटी गडबडही होते. फक्त तापाच्या रुग्णांचीच आरटी-पीसीआर केली की टक्केवारी फुगते आणि बाजार विनाकारण बंद राहतो. त्यामुळे टक्केवारीसोबत दर लाख लोकसंख्येमागे किती चाचण्या झाल्या, हा आकडाही जाहीर करायला सांगा. त्याच्याशिवाय टक्केवारीवर भांडण्यात अर्थ नाही.

शालिमार_चौक
वेळेच्या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे: ४ ची वेळ गर्दी वाढवते. एका गल्लीत दिवसाला ८,४०० गिऱ्हाईक येतं असं धरा. सकाळी ९ ते रात्री ९ मध्ये तासाला ७००. ९ ते ४ मध्ये तेच तासाला १,२००. थोडी खरेदी रद्द होईल, पण किराणा, औषधं, शेतीचं सामान थांबत नाही.

सम-विषमचंही तेच. अर्धी दुकानं बंद, गिऱ्हाईक मात्र निम्मं होत नाही, उघड्या बाजूला सरकतं. त्यात ३१ जुलै आणि १ ऑगस्ट दोन्ही विषम. एकाच बाजूला लागोपाठ दोन दिवस, समोरच्याची दुकानं तेवढेच दिवस बंद.

५ रुपयांच्या तिकिटाची कल्पना मात्र सरसकट फेकून देऊ नका. तासाहून जास्त थांबलं तर ५०० रुपये दंड होता. त्यामागचं गणित बरोबर आहे: आत एका वेळी असलेली माणसं म्हणजे तासाला आत येणारे गुणिले थांबण्याचा वेळ. गल्लीत ४०० च माणसं हवीत आणि प्रत्येक जण तासभर थांबतो, तर तासाला ४०० सोडता येतात. अर्ध्या तासात खरेदी उरकली तर ८०० सोडता येतात, गर्दी तेवढीच. म्हणून फोनवर यादी घेणं, भाव बाहेर लावणं, पैसे आधीच मोडून ठेवणं या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या. तिकिटाचे पैसे घेऊ नका, फक्त माणसं मोजा. आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा, नाहीतर नाक्यावरची रांगच आतल्या गल्लीपेक्षा दाट होते.

सातपूर_शिफ्ट
वरचं गणित गिऱ्हाइकापुरतं ठीक, पण त्यात कामगार कुठेय? गिऱ्हाईक अर्धा तास आत असतं, काउंटरवरचा पोरगा बारा तास. वेळ वाढवून मागायची तर दोन पाळ्याही लिहा, आणि त्या एकमेकांत मिसळू नयेत. जेवण एकत्र केलं की सगळं पाण्यात, कारण मास्क तेव्हाच उतरतो.

दुसरं, हवा. ‘५० टक्के क्षमता’ लिहायला सोपं, पण मागे खिडकी नसलेल्या दुकानात चार माणसंही जास्त होतात. ६ बाय ५ मीटरचं दुकान, उंची ३ मीटर, म्हणजे ९० घनमीटर हवा. तासाला पाच वेळा बदलायची तर ४५० घनमीटर. एक्झॉस्ट पंखा घेताना तो तासाला किती हवा बाहेर टाकतो, हा खोक्यावरचा आकडा बघा, आणि पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत बसवा. दाराशेजारी बसवलात तर तो दारातलीच हवा ओढून बाहेर टाकतो, कोपऱ्यातली तशीच राहते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच फिरवतो.

रविवार_कारंजा
दोन पाळ्या आणि पंखा लिहून घेतलं, कामगारांचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. पण ‘खाटा रिकाम्या आहेत, मग बाजार का बंद?’ हा प्रश्न बैठकीत नक्की येणार. त्यावर काय सांगू?

आकडेमोड
सांगा की खाटांचा आकडा मागून धावतो. लागण झाल्यापासून ऑक्सिजन लागेपर्यंत साधारण दहा-बारा दिवस जातात. आज खाटा ४० टक्के भरल्या असतील तर त्या दीड आठवड्यापूर्वीच्या गर्दीच्या. शिवाय जनगणनेनुसार १० लाखांवर लोकसंख्या असल्याने स्तर ठरवताना नाशिक महापालिका जिल्ह्यापासून वेगळा घटक धरली गेली, पण शहरातल्या खाटांवर ग्रामीण भागातले रुग्णही येतात.

आणि खाट म्हणजे ऑक्सिजन नव्हे. ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास पुरतो, अतिदक्षता विभागात २४ लिटरने पाच तासही नाही. तेव्हा मागणी अशी लिहा: ‘शहरात किती तासांचा ऑक्सिजन शिल्लक आहे, ते रोज जाहीर करा.’ निर्बंध सैल करायला सलग दोन आठवड्यांचे आकडे आणि कडक करायला एकच आठवडा पुरे, ही २५ जूनच्या आदेशातली अट मात्र तशीच मान्य करा. पत्र जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत महापालिका आयुक्तांना.