मदत हवी आहे: सिनसिनवार जाटांचं मूळ आणि मराठी कागद

मंडळी, पानिपतानंतर आपल्या वाताहत झालेल्या लोकांना सूरजमल जाटाने आसरा दिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच्या कुळाबद्दल मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून इथे विचारतोय.

राजस्थानातल्या भरतपूरचं हे घराणं सिनसिनवार. नाव डीगजवळच्या सिनसिनी गावावरून पडलं, एवढं सरळ आहे. गुंता त्याच्या मागे आहे. घराणं स्वतःला यदुवंशी, म्हणजे थेट कृष्णाच्या कुळातलं म्हणवतं. आख्यायिकेत मूळपुरुष बयाण्याकडचा यादव राजपूत, बायको जाट, म्हणून मुलं जाट ठरली. मला ही जोडणी राज्य मिळाल्यानंतरची वाटते. कारण १६८८ च्या सुमारास आग्र्याजवळ सिकंदऱ्याला अकबराची कबर लुटणारा याच कुळातला राजाराम जाट हा जमीनदार-पुढारीच दिसतो. पुढे चूडामण, मग १७२२ मध्ये जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पाठिंब्याने बदनसिंग, आणि त्यानंतर सूरजमल. दोन-तीन पिढ्यांत गावकीचं राज्य झालं. असं झालं की भाट वंशावळ लांबवतात, आपल्याकडेही हेच!

तर प्रश्न असा: १७५४ मध्ये मराठ्यांनी सूरजमलच्या कुंभेर किल्ल्याला घातलेल्या वेढ्याच्या (खंडेराव होळकर तिथेच पडले) मराठी पत्रांत ‘जाठ’ असा उल्लेख येतो. त्यात कुळाबद्दल किंवा यदुवंशाबद्दल काही वाचलंय का कुणी? मोडी वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं. आणि त्या भागातल्या ‘जागा’ लोकांच्या (वंशावळी लिहून ठेवणाऱ्यांच्या) पोथ्या कुणी प्रत्यक्ष पाहिल्या असतील, तर पिढ्या कुठून मोजतात तेही कळवा.