स्तनाचं ऑपरेशन: आदल्या रात्रीपासून घरच्या पहिल्या अंघोळीपर्यंत, तुमचे अनुभव

रानजाई
काल समोरच्या विंगमधली मुलगी आली. "काकू, तुमच्याकडे पुढून बटणांचे गाऊन होते ना? आईला हवेत." तिच्या आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. गाऊनांची पायपुसणी होऊन तीही झिजली, पण पोरगी गेल्यावर सगळं पुन्हा आठवत बसले.

माझं 2016 सालचं. डावी बाजू, एमआरएम, म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी. आजाराबद्दल ज्ञान देणारे ढीगभर भेटले. कोणाच्या मावशीची जाऊ, कोणाचा गोमूत्रवाला. पण भरती होताना पिशवीत काय टाकायचं, हे एकानेही सांगितलं नाही. ते मी लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चमकीने. लग्नापासून नाकात बसलेली, मळसूत्राची. सिस्टर म्हणाली धातूचं काही अंगावर नको. खोबरेल लावलं, साबण लावला, शेवटी माझ्या धाकट्या नणंदेने चिमट्याने मागचं मळसूत्र धरून फिरवलं, तेव्हा निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी, वॉर्डातल्या आयाबाया समजल्या घाबरून रडतेय. तेव्हा चमकी, जोडवी, घट्ट बांगड्या सगळं घरीच काढा, सोनाराकडे जावं लागलं तरी जा. नेलपॉलिशही पुसा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. केसांच्या दोन वेण्या घाला, एका वेणीवर नीट निजता येत नाही.

नंतर ड्रेन. काखेखालून नळी, टोकाला गोल डबा, त्यात लालसर पाणी. तो डबा घेऊन मी घरभर फिरायचे. नळी स्वयंपाकघराच्या कडीत अडकली तेव्हा जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली.

कोणाला कुठली बाजू, कुठलं ऑपरेशन, गाठ साधी होती की कॅन्सरची, काहीही चालेल. लिहा.

पाणपोई
चमकी वाचून हसू आलं आणि नाकही दुखलं. माझं मंगळसूत्र प्रकरण. काढायचं म्हटल्यावर सासूबाई अडून बसल्या, "शकुनाला बरं नाही." सिस्टर म्हणे काढा नाहीतर मी काढते. मग ह्यांनी काय करावं? माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं! शर्टाच्या आत नाही, वरून. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर दिवसभर तसेच बसले. पेपर वाचत. चहावाल्याने दोनदा वळून पाहिलं म्हणे. सासूबाई गप्प.
बाकी लिहिते नंतर, कुकर लावलाय.

तुरटी
पाणपोई, ह्या माणसाचा फोटो काढून ठेवायला हवा होता गं.

शेवगा
ड्रेनबद्दल लिहिते कारण त्याचीच सगळ्यांना भीती असते. मला दोन होते, एक छातीला एक काखेला. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजायचं आणि वहीत लिहायचं, दोन्हींचं वेगळं. मुलाच्या गणिताच्या वहीची मागची पानं वापरली. आमच्या डॉक्टरांचा नियम 24 तासांत 30 मिलीच्या खाली, तोही लागोपाठ दोन दिवस आला की काढायचा. आधी लालभडक, मग गुलाबी, मग पिवळसर होतं. असं बदललं की समजा गाडी रुळावर. मध्येच पुन्हा लाल झालं, वास आला, ताप आला तर फोन करा, वाट बघू नका.
नळीत गुठळी अडकते. सिस्टरने शिकवलं होतं, शरीराकडचा भाग एका हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने नळी डब्याकडे दाबत न्यायची. गाईची धार काढल्यासारखं. आमचे मामा शेतकरी, त्यांना एकदा दाखवल्यावर त्यांनी माझ्यापेक्षा सुबक केलं.
अंघोळीला लेंग्याची नाडी गळ्यात घालून डबे तिला अडकवायचे. काढताना श्वास सोडा म्हणाले, सोडला. विचित्र लागतं, दुखत नाही. दुखलंच तर क्षणभर.

रानजाई
शेवगा, नाडी! हे मला का सुचलं नाही. मी एका हातात डबा धरून तांब्याने पाणी घेत होते.

काळी_माती
माझ्या आईचं. आम्ही बीडकडचे, ऑपरेशन मुंबईत परळला, टाटा कॅन्सर हॉस्पिटलात. ऑपरेशनपेक्षा राहायचं कुठे हा प्रश्न मोठा होता. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे जागा झाली. एका खोलीत चार घरं, सगळ्यांच्या उशाशी फायली. संध्याकाळी कोण कुठल्या बिल्डिंगला, कोणाचा नंबर कधी, हेच बोलणं. आईला तिथल्या एका बाईने हात वर करायचा व्यायाम शिकवला, फिजिओच्या आधी. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदनही आहे, तिथेही विचारा.
पैशाचं: रेशनकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात बसणारा सरकारी योजनेचा माणूस) टेबलावर जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, पण मंजुरी आधी लागते. आधार आणि रेशनकार्डावर नाव एकसारखं आहे का ते गावाकडूनच बघून निघा. आमचं आईचं नाव एकीकडे वत्सला, एकीकडे वच्छला. त्या एका अक्षरापायी मी परत गावी.
आणि रेल्वे. हॉस्पिटलचा फॉर्म भरून मिळतो, त्यावर स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पेशंटला तिकीट माफ, सोबतच्याला 75 टक्के सवलत. कितीतरी लोक पूर्ण पैसे भरून येतात.

डोंबिवली_फास्ट_नाही
काळी माती, +1. आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, कागद जवळ ठेवायचे. गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात ताजी जखम घेऊन चढायचं धाडस करू नका. मी केलं नाही, बहीण करणार होती.

कात्रजचा_बोगदा
कोणी निळ्या लघवीबद्दल का लिहिलं नाही? काखेतली पहिली गाठ, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती, शोधायला निळा रंग टोचतात. ऑपरेशननंतर बाथरूमला गेले तर भांड्यात हिरवं-निळं पाणी. मी अशी ओरडले की दोन सिस्टर धावत आल्या. एक म्हणाली, "अहो मावशी, डाय आहे तो." मला वाटलं किडनी गेली. एक-दोन दिवसांत जातं, स्तनावरचा निळा डाग मात्र बरेच महिने राहतो.
पण त्या निळ्यामुळेच काखेतलं सगळं काढावं लागलं नाही, पहिल्या गाठी स्वच्छ निघाल्या. निळ्यावर राग नाही.

मी_निनावी
माझी साधी गाठ, फायब्रोअ‍ॅडेनोमा. बोटाखाली सुळकन सरकायची. तेव्हा कॉलेजात होते. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. काळ्या भागाच्या कडेने कापलं, आता शोधावं लागतं इतका बारीक व्रण आहे.
ऑपरेशन सोपं होतं, आई अवघड. नातेवाईकांना "अपेंडिक्स" सांगितलं. आत्या पोटाकडे बघत म्हणाली, "टाके कुठायत?" आई म्हणाली, "आता दुर्बिणीने करतात." स्थळं यायला लागली तेव्हा आईने बजावलं, पहिल्या भेटीत बोलायचं नाही. मी पहिल्याच भेटीत बोलले. तो म्हणाला, माझं मूळव्याधीचं झालंय, तू पण कोणाला सांगू नकोस. तोच नवरा.

तुरटी
हा धागा कॅन्सरचा आहे की विनोदाचा?? पोट दुखलं. (अपेंडिक्स नाही.)

अर्धा_कप
पुरुष आलो तर चालेल का? माझं गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाची छाती बाईसारखी वाढते ते. दहावीपासून टी-शर्ट पुढे ओढत चालायची सवय, पोहायला कधी गेलो नाही. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने केलं. विम्याने "सौंदर्यासाठी" म्हणून नाकारलं. नंतर घट्ट जाकीट रात्रंदिवस घालायचं, ऐन मे महिन्यात, पुण्यात. घामोळं आलं ते व्रणापेक्षा जास्त लक्षात आहे. ऑफिसात हर्निया सांगितलं. मित्र अजून वजन उचलू देत नाहीत.

रानजाई
अर्धा कप, बिनधास्त या. माझ्या वेळी वॉर्डाबाहेर एक आजोबा होते, सगळे समजत होते बायकोला घेऊन आलेत. पेशंट तेच होते. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभरांत एखादा पुरुष असतो. गाठ दिसली तर लाजू नका, एवढंच.

भूल_देते
मी भूलतज्ज्ञ आहे, ड्यूटीवर आहे, घाईत लिहिते.
उपाशी राहण्याचा घोळ दर आठवड्याला होतो. जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे! "नुसता अर्धा कप घेतला" म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि बाई दिवसभर उपाशी. (आयडीवाल्या अर्धा कपांनी राग मानू नये.) रक्त पातळ करायची गोळी, साधी अ‍ॅस्पिरिन, शुगरची गोळी, वैद्यांचे काढे, सगळं सांगा. स्वतःच्या मनाने बंदही करू नका. हलणारा दात, कवळी, दमा, आधीच्या ऑपरेशनला झालेल्या उलट्या, हेही सांगा.
आणि एक चांगली गोष्ट. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि इतरांचा अभ्यास 2023 मध्ये आला. देशातली 11 केंद्रं, 1600 बायका. निम्म्यांना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, तेच, दात काढताना देतात ते. सहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांऐवजी 90.1 टक्के. औषध शंभर रुपयांच्या आतलं. तुमचे सर्जन देतात का, विचारून बघा. आले, बोलावतायत.

पाणपोई
कुकर झाला. पथ्यावर कोणीतरी बोला. आमच्याकडे भात बंद, बटाटा बंद, दही बंद, "जखम पिकते". मी आठवडाभर ज्वारीची भाकरी आणि दुधी. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सगळं खा, डाळी-अंडी जास्त. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांना काय कळतंय.

शेवगा
अगं माझ्याकडे उलटं, डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे, रांगेने लाडू. बाळंतीण समजून चारलं. त्यात वेदनेच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ. इसबगोल जवळ ठेवा, हा खरा सल्ला.

थेम्सकाठची_ठमी
इकडे इंग्लंडात सकाळी पूर्ण स्तन काढला आणि संध्याकाळी ड्रेनसकट घरी. आईने पुण्याहून फोनवर थयथयाट केला, "हाकलून दिलं की काय तुला!" हाकललं नाही, इथे तशीच पद्धत आहे. एक पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची उशी देतात, काखेत धरायला. गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये तीच ठेवायची, रिक्षातही चालेल. दुपट्याची घडी करूनही जमतं.
दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे. आणि नसलेल्या जागी खाज येते, खाजवायचं कुठे?

कात्रजचा_बोगदा
ठमी, मलाही! डॉक्टर म्हणाले नसा. मी ब्लाउजवरून खाजवते, लोकांना वाटतं म्हातारी चळली.

सांजवेळ_९
व्यायाम कंटाळा न करता करा. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं मला सांगितलं होतं. नंतर भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढायचं, जिथे पोचाल तिथे पेन्सिलीने खूण. आमच्या भिंतीवर आधीच नातवाच्या उंचीच्या खुणा होत्या. त्याने माझ्या खुणांवर "आजी" लिहिलं आणि रोज तपासायला लागला, "आज वाढली नाहीस." वरच्या फळीवरचा साखरेचा डबा हाताला लागला तेव्हा फिजिओला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, भरलेला की रिकामा? भरलेला, बाई.
रिपोर्ट यायचे दिवस मात्र कशानेही सरत नाहीत. त्याला व्यायाम नाही.

मी_निनावी
सांजवेळ काकू, मिठी. हलकी, न दुखणाऱ्या बाजूने.

नवीन_आयडी_घेतला
सगळं वाचलं, दोनदा. माझं गुरुवारी आहे. आधी केमो झालीय त्यामुळे वेण्यांचा प्रश्न नाही. मंगळसूत्रही नाही, लग्न नाही. चमकी आहे, उद्या सोनाराकडे जाते. आणखी काय न्यावं?

डोंबिवली_फास्ट_नाही
लांब वायरचा चार्जर. बोर्ड नेहमी पलंगाच्या चुकीच्या बाजूला असतो.

शेवगा
नळीवाली बाटली किंवा स्ट्रॉ. उठता येत नाही तेव्हा पाणी गळ्यावर सांडतं. आणि ढगळ पायजमा, नाडीऐवजी इलॅस्टिकचा, एका हाताने वर ओढता येतो. गुरुवारी कुठे? पुण्यात असशील तर डबा पाठवते, भाताशिवाय :)

नवीन_आयडी_घेतला
पुण्यातच. भात चालेल. खाजगी निरोप पाठवलाय.