रास्पबेरी पाय ५ वर मराठी व्हिस्पर: वेग हवा, पण आकडे चुकायला नकोत

ध्वनिलहरी (प्रश्न)

शेतमालाचे भाव तोंडी विचारता यावेत म्हणून आवाज ओळखण्याचं काम पूर्णपणे यंत्रावरच करायचं आहे. मॉडेल ओपनएआयचं व्हिस्पर स्मॉल (आवाजाचा मजकूर करणारं; २४.४ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकलेले आकडे किंवा वेट्स), मराठीवर फाइन-ट्यून केलेलं, म्हणजे जास्तीचं शिकवलेलं. यंत्र रास्पबेरी पाय ५ (छोटा संगणक), ८ जीबी, व्हिस्पर डॉट सीपीपी (मॉडेल चालवणारा प्रोग्राम), एफपी१६ (प्रत्येक वेट १६ बिटांत). वाक्यं ४ ते ८ सेकंदांची, म्हणजे "लासलगावला आज उन्हाळ कांदा काय भावानं गेला?" अशी. बोलायला लागतो त्याहून जास्त वेळ ओळखायला लागतो.

५०% वेट्स शून्य केले (प्रूनिंग), वेगात काडीचा फरक नाही. क्वांटायझेशन करून प्रत्येक वेट ४ बिटांवर (क्यू४_०) आणलं तर वेग वाढला, पण तेराशेचं "तोराशे", सोळाशेचं "सूळाशे" व्हायला लागलं. तरी डब्ल्यूईआर (चुकलेल्या शब्दांचं प्रमाण) जवळपास तेवढाच दिसतो. आधी कशाला हात घालू?

सह्याद्री_कोड

प्रूनिंगचं आधी सांगतो. इकडचे-तिकडचे वेट्स शून्य केले तरी मॅट्रिक्सचा आकार तोच राहतो आणि प्रोसेसर त्या शून्यांनाही इमानेइतबारे गुणत बसतो. अख्खी अटेन्शन हेड (थरातले स्वतंत्र भाग) किंवा अख्खे थर काढले तरच पायच्या एआरएम प्रोसेसरवर वेळ वाचतो.

तुमचा वेळ दोन ठिकाणी जातोय, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

एक, एन्कोडर, म्हणजे आवाज वाचणारा भाग. व्हिस्पर कुठलाही आवाज ३० सेकंदांपर्यंत शांततेनं भरून घेतं. ५ सेकंदांचं वाक्य असलं तरी एन्कोडर १५०० स्थानांवर चालतो, सेकंदाला ५० या हिशेबानं. स्मॉलच्या एन्कोडरमध्ये साधारण ८.५ कोटी वेट्स आहेत, त्यामुळे प्रत्येक वाक्याला अटेन्शन धरून सुमारे ३४० अब्ज गणिती क्रिया होतात. 'ऑडिओ-सीटीएक्स' (ही स्थानं किती ते ठरवणारा पर्याय) ५१२ ठेवलंत (१० सेकंदांना पुरतं) तर त्या १०० अब्जांच्या आत येतात. मात्र मॉडेल शिकलंय ३० सेकंदांच्या खिडकीवर. खिडकी फार आखडली की शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा यायला लागतात. २५६ वर जाऊ नका, ८ सेकंदांचं वाक्य त्यात मावणारच नाही. ५१२ वरही तसं झालं, तर तेवढ्याच खिडकीनं थोडं फाइन-ट्यूनिंग पुन्हा करा.

दोन, डिकोडर, म्हणजे मजकूर लिहिणारा भाग. इंग्रजीसाठी लिहिलेले सल्ले मराठीला लागू पडत नाहीत ते इथे. व्हिस्परचा टोकनायझर (मजकुराचे टोकन, म्हणजे तुकडे, पाडणारा) बाइटवर चालतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी वाक्यापेक्षा मराठीला कितीतरी जास्त टोकन लागतात. तुमची १० वाक्यं टोकनाइझ करून मोजाच. प्रत्येक टोकनला डिकोडरचे सुमारे १४ कोटी वेट्स मेमरीतून वाचावे लागतात: एफपी१६ मध्ये २८० एमबी, वर क्रॉस-अटेन्शनचे (एन्कोडरकडून आलेल्या माहितीचे) ५५ एमबी. ६० टोकन धरले तर २० जीबी झाले. पाय ५ ची मेमरी कागदावरसुद्धा सेकंदाला १७ जीबीच देते. इथे अडतं ते मेमरीपाशी, गणितापाशी नाही. क्यू८_० (८ बिट) केलं की वेट्सचा भार जवळपास निम्मा होतो, आणि खिडकी ५१२ केल्यावर ते ५५ एमबी १९ वर येतात.

शिवाय बीम १ ठेवा (एका वेळी एकच पर्याय तपासायचा), भाषा मराठी अशी ठरवून द्या आणि 'नो-फॉलबॅक' लावून पाहा. नाहीतर अडखळलेलं वाक्य तापमान (शब्दनिवडीतली मोकळीक) ०.२ नं वाढवत प्रोग्राम परत परत डिकोड करतो.

वेलांटी

वरचं सगळं बरोबर, पण कशालाही हात लावण्याआधी मोजपट्टी दुरुस्त करा. डब्ल्यूईआर काढण्याआधी व्हिस्परसोबत येणारा 'बेसिक टेक्स्ट नॉर्मलायझर' (तुलनेआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) वापरताय ना? तो युनिकोडमधली 'एम' वर्गाची सगळी चिन्हं काढून जागी स्पेस टाकतो. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त याच वर्गात येतात. म्हणजे "तेराशे" आणि "तोराशे" दोन्हींचं होतं "त र श". "तूर" आणि "तार" दोन्ही "त र". एका शब्दाचे तीन तुकडे होतात आणि मात्रांच्या चुका मोजल्याच जात नाहीत. तुमचा आकडा हलत नाही तो यामुळे.

स्वतःचा नॉर्मलायझर लिहा: एनएफसी करा (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप), फक्त विरामचिन्हं आणि इतर चिन्हं (पी, एस वर्ग) काढा, 'एम'ला हात लावू नका. "वाऱ्यावर"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, ऱ वापरून किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून. एनएफसी हे दोन एक करत नाही, तो नियम तुम्हालाच लिहावा लागेल. "१३००" आणि "तेराशे" यांपैकी कुठलं रूप धरायचं तेही आधीच ठरवा.

आणि आकड्यांची वेगळी चाचणी हवीच. मराठीत १ ते ९९ चे शब्द बहुतेक स्वतंत्रपणेच शिकावे लागतात, वर सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे. हे सगळे शब्द निरनिराळ्या माणसांच्या आवाजात, मागे बाजाराचा गोंगाट असताना रेकॉर्ड करा. ओपनएसएलआर ६४ हा मराठी रेकॉर्डिंगचा संच स्वच्छ आहे, पण त्यात फक्त बायकांचे आवाज आहेत. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

ध्वनिलहरी

नॉर्मलायझर तोच होता. क्यू८_० पुरलं नाही तर पुढे काय? ५ बिट की लहान मॉडेल?

सह्याद्री_कोड

आधी मिश्र क्वांटायझेशन, म्हणजे काही भाग ८ बिटांवर, काही त्याखाली. क्वांटाइझ साधनाच्या कोडमध्ये कुठले टेन्सर (वेट्सचे तक्ते) वगळायचे याची यादी असते. डिकोडरचं टोकन एम्बेडिंग (प्रत्येक टोकनचं आकड्यांतलं रूप) ४ बिटांवर नेऊ नका. तोच ५१,८६५ × ७६८ चा मॅट्रिक्स शेवटी टोकन निवडायलाही वापरला जातो, त्यामुळे तिथली चूक थेट निवडीत उतरते. क्यू५_० सगळीकडे करण्यापेक्षा एका वेळी एकच थर खाली न्या, आकड्यांची चाचणी घ्या आणि नाजूक थर ८ बिटांवरच ठेवा.

तेही कमी पडलं तर बेस या व्हिस्परच्या लहान मॉडेलवर उतरण्याआधी डिकोडर छाटा. २०२३ च्या डिस्टिल-व्हिस्पर या छाटलेल्या मॉडेलनं एन्कोडर तसाच गोठवून ठेवला आणि व्हिस्पर लार्जच्या डिकोडरचे ३२ थर २ वर आणले. तुम्ही १२ चे ४ करा. पहिला आणि शेवटचा थर ठेवा, मधले दोन समान अंतरावरून घ्या, आणि मूळ मॉडेलला शिक्षक करून बिनलेबल मराठी आवाजाचा मजकूर त्याच्याकडून लिहून घ्या. शिक्षक जिथे तेच तेच बडबडतो त्या फाइली बाहेर काढा, नाहीतर विद्यार्थी तीच खोड उचलतो.

वेळ मोजताना यंत्र १० मिनिटं सलग चालवून मगच मोजा. पंखा नसेल तर ८० अंशांच्या पुढे पाय ५ आपणहून वेग कमी करतो, आणि पहिल्या वाक्याचा वेळ पन्नासाव्या वाक्याला मिळत नाही.