बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, आता कुत्र्यांच्या फिजिओथेरपीत जायचंय. रस्ता सांगा

डावा_गुडघा

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट. गेली ३ वर्षं पुण्यात एका ऑर्थो हॉस्पिटलात आहे. दिवसाला चौदा-पंधरा पेशंट, बहुतेक बदललेले गुडघे. काम वाईट नाही, पण मन दुसरीकडेच लागलंय.

झालं असं की मागच्या वर्षी आमच्या राजाचं (गावठी, वय ७, पावसात जिन्याखाली सापडलेला) मागच्या उजव्या पायाचं टीपीएलओ ऑपरेशन (गुडघ्यातला अस्थिबंध गेल्यावर नडगीचं हाड कापून फिरवतात ते) झालं. टाके निघाले आणि "आता हळूहळू चालवा" एवढ्यावर आमची बोळवण झाली. हळूहळू म्हणजे किती? पाच मिनिटं की वीस? जिना कधी? माणसाच्या गुडघ्याला मी आठवड्यागणिक तक्ता लिहून देते आणि घरच्या कुत्र्यासमोर मात्र अडाणी! मग वाचत, डॉक्टरांना फोन करून पिडत, चाचपडत केलं. दर रविवारी शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर मोजायचे. सुरुवातीला दोन पायांत अडीच सेंटीमीटरचा फरक होता, अकराव्या आठवड्यात एकावर आला. आणि ज्या दिवशी त्याने ऑपरेशनच्या पायावर तोल सांभाळून चांगला पाय वर केला आणि सोसायटीच्या भिंतीवर कार्यक्रम उरकला, त्या दिवशी मी भर पार्किंगमध्ये रडले. वॉचमनकाकांना वाटलं घरात कोणी गेलं.

तर प्रश्न. बीपीटीच्या जोरावर हे काम करता येतं का, की बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करावीच लागेल (वय २६)? ऑनलाइन सर्टिफिकेटांच्या जाहिराती दिसतात, त्यांत दम आहे का? आणि मुख्य म्हणजे पोट भरतं का? आई म्हणते, "माणसांचे पाय सोडून कुत्र्यांचे दाबणार?"

स्पष्टवक्ता_४२

आईचं ऐका. हौस वेगळी, पोट वेगळं.

गोठ्यातला_डॉक्टर

स्पष्टवक्ते, तुमची दोन वाक्यं झाली, आता जरा कामाचं बोलू.

ताई, मी पशुवैद्य. नोकरीची सुरुवात गाई-म्हशींत झाली, आता शहरात कुत्री-मांजरंच जास्त. कायद्याचं आधी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ३० नुसार जनावरावर पशुवैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच. कुत्र्यांच्या फिजिओथेरपिस्टसाठी आपल्याकडे वेगळं रजिस्टर नाही. म्हणजे बीपीटीवर स्वतःची पाटी लावून, "लंगडतोय का? घेऊन या" असं करू नका. निदान, एक्स-रे, औषध, फिजिओ चालू करायची की नाही हा निर्णय, हे सगळं पशुवैद्याचं. त्याने तपासून पाठवलेल्या कुत्र्यावर, त्याच्या देखरेखीखाली तुम्ही हात चालवायचा. बरेच बीपीटीवाले असंच काम करतात आणि आम्हाला ते हवेच असतात. माझ्याकडे ओपीडीत एका कुत्र्याला पंधरा मिनिटं मिळतात, त्यात मी व्यायाम कधी शिकवू?

बीव्हीएस्सीबद्दल. साडेपाच वर्षं, त्यातलं एक इंटर्नशिपचं. पुन्हा 'नीट' प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. वयाची वरची अट २०२२ पासून नाही, तेव्हा २६ ला दार बंद नाही. आपल्याकडची कॉलेजं माफसू या राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात: मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर वगैरे. पण तिथे फक्त कुत्री नसतात. म्हशीच्या गर्भतपासणीला खांद्यापर्यंत हात घालायची तयारी आहे का? कोंबड्या, शेळ्या, मांस तपासणी, सगळं करावं लागतं. निदानापासून सगळं स्वतःच्या हातात हवं असेल तर जरूर करा. फक्त फिजिओसाठी साडेपाच वर्षं घालवू नका असं माझं मत.

आणि एक. माणसाचं शरीरशास्त्र अर्धंच कामी येतं. कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी टांगलेले असतात. वजनाचा साधारण ६० टक्के भार त्याच पायांवर. लोक ज्याला "उलटा गुडघा" म्हणतात तो गुडघा नसून घोटा असतो. क्रूशिएट (गुडघ्यातलं लिगामेंट) तुमच्या पेशंटचं फुटबॉल खेळताना एका झटक्यात तुटतं, कुत्र्याचं बहुतेक वेळा महिनोन्‌महिने झिजत येतं आणि एका पायाचं गेलं की पुष्कळदा दुसऱ्याचंही जातं. राजाचा डावा पाय सांभाळा.

शेपूट_आणि_कणा

मी बीपीटी, मुंबईत गेली ६ वर्षं फक्त कुत्री (आणि अधूनमधून एखादं रागीट मांजर). दोन पशुवैद्यांच्या क्लिनिकमध्ये ठरलेले दिवस, बाकी वेळ घरोघरी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुत्र्याला हात लावत नाही.

तुला सगळ्यात जड काय जाईल सांगू? पेशंट बोलत नाही. "दुखणं एक ते दहामध्ये किती?" हा आपला हुकमी प्रश्न इथे बाद. जांभई, ओठ चाटणं, कान मागे, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, अचानक श्वास रोखणं, हे वाचायला मला वर्ष लागलं. न वाचल्याची खूण डाव्या मनगटावर आहे. कॉकर होता, चूक माझी.

दुसरं म्हणजे कान. तपासणीआधी मी कुत्र्याला शहाबादी फरशीवर किंवा जिन्याच्या लँडिंगवर चालवते आणि डोळे मिटून ऐकते. मागच्या पायाची नखं "खर्र" करून घासली तर पाय पूर्ण उचलला जात नाहीये. मालकाच्या लक्षात यायच्या आधी फरशी सांगते. मग नखं बघायची, मधली दोन पुढून झिजलेली असतात.

यंत्रांच्या मोहात आत्ता पडू नकोस. पाण्याखालची ट्रेडमिल छान दिसते, रीलला लाइक मिळतात, आणि ती खरंच उपयोगी आहे. पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत भरलं की ३८. लठ्ठ लॅब्रॅडॉरला सांध्यांवर फार भार न देता चालवायला यासारखं दुसरं नाही. पण ती लाखांत येते, पाणी कोमट ठेवावं लागतं, गाळावं लागतं, आणि लॅबचे केस... असो. माझी पिशवी बघ: गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायला), टेप, भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसणारा व्यायामाचा मोठा फुगा, दोन योगा मॅट, बुटके अडथळे (पीव्हीसी पाइप कापून केलेले) आणि उकडलेल्या चिकनचा डबा. डबा विसरले तर मी परत फिरते.

कोर्सबद्दल माझा अनुभव कडू. पहिल्या वर्षी एका संस्थेचं ऑनलाइन सर्टिफिकेट केलं. व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्न, सोनेरी किनारीचा कागद. एकाही जिवंत कुत्र्याला हात न लावता "तज्ज्ञ"! नाव लिहीत नाही, पण तू एकच विचार: प्रत्यक्ष हाताखालून कुत्री किती तास जाणार? अमेरिकेत सीसीआरटी आणि सीसीआरपी ही कुत्र्यांच्या फिजिओची दोन सर्टिफिकेटं लोक मानतात, टेनेसी विद्यापीठाशी जोडलेलं ते सीसीआरपी. दोन्हींत प्रत्यक्ष काम आहे. तुझी भारतीय डिग्री आणि नोंदणी त्यांना चालते का ते पैसे भरायच्या आधी मेल करून लेखी घे.

ब्रिस्टलकर

इकडचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०१५ चा एक आदेश आहे, त्यानुसार व्हेटने तपासून सांगितल्यावर फिजिओथेरपी पशुवैद्य नसलेल्यालाही करता येते. बायको इथे माणसांची फिजिओ आहे, तिच्या दोन मैत्रिणी घोड्या-कुत्र्यांकडे वळल्या. त्यांनी आधी एचसीपीसीची (माणसांच्या फिजिओंची इथली सरकारमान्य नोंदणी) नोंदणी ठेवली, मग प्राण्यांच्या फिजिओचं पदव्युत्तर शिक्षण, मग एकपॅट या प्राण्यांच्या फिजिओंच्या संघटनेचं सभासदत्व. नुसतं "व्हेटरिनरी फिजिओ" हे बिरुद मात्र इथेही कायद्याने राखीव नाही, त्यामुळे भोंदू इथेही आहेत. शिकायला येणार असाल तर फीचा आकडा बसून वाचा, उभ्याने नको.

बंड्याची_आई

मी डॉक्टर नाही, गिऱ्हाईक आहे. आमचा बंड्या डॅशहुंड. दोन वर्षांपूर्वी सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा भाग लुळा. मणक्यातली चकती. ऑपरेशन झालं, मग नाशिकमध्ये एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. पहिल्याच दिवशी तिने पायाच्या बोटाला चिमटा घेतला, बंड्याने पाय आखडला आणि मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "काकू, थांबा. पाय आखडणं नुसता रिफ्लेक्स असतो. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं तर जाणीव आहे म्हणायचं." दहाव्या दिवशी बंड्याने मान वळवली आणि गुरगुरला. इतकं गोड गुरगुरणं मी ऐकलं नव्हतं.

तिने मला मूत्राशय दाबून लघवी कशी काढायची ते शिकवलं, जुनी ओढणी पोटाखालून घेऊन उभं कसं करायचं ते शिकवलं, घरभर मॅट टाकायला लावल्या आणि आमच्या सासूबाईंकडून तूप-पोळी बंद करून घेतली. हे शेवटचं मला २० वर्षांत जमलं नव्हतं. तेव्हा माणसांशी बोलता येत असेल तर ये बाई या धंद्यात.

स्पष्टवक्ता_४२

बरं, पैशाचं कोणीच बोलेना.

शेपूट_आणि_कणा

बोलते. पहिली दोन वर्षं मी सकाळी माणसांचं क्लिनिक ठेवलं होतं, नाहीतर भाडं निघालं नसतं. आता घरी जाऊन एका सत्राचे १,२०० घेते, क्लिनिकमध्ये ठरलेला वाटा मिळतो. दिवसाला पाचच्या वर कुत्री होत नाहीत, कारण अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. पावसाळ्यात रद्द होण्याचं प्रमाण वाढतं. हॉस्पिटलच्या पगाराच्या पुढे गेले ते चौथ्या वर्षी. आणि सगळे पेशंट बरे होत नाहीत हेही धर. म्हातारे जर्मन शेफर्ड, ज्यांचा कणा हळूहळू निकामी होतो, त्यांच्यासोबत आपण फक्त चार महिने जास्त उभं राहतो. मालक तेवढ्यासाठीही पैसे देतात आणि नंतर फोटो पाठवतात.

गोठ्यातला_डॉक्टर

एक राहिलं. माणसांच्या गोळ्या सुचवायच्या नाहीत, कितीही ओळखीचं घर असलं तरी. आयब्युप्रोफेननं पोटात अल्सर झालेली, किडनी गेलेली कुत्री आणतात लोक माझ्याकडे. "फिजिओ मॅडमनी सांगितलं" हे वाक्य मला ऐकायचं नाहीये.

डावा_गुडघा

खूप खूप आभार सगळ्यांचे. इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बीव्हीएस्सीचा विचार आत्ता बाजूला ठेवते (म्हशीच्या वाक्याने काम केलं). राजाच्या डॉक्टरांशी बोलले, शनिवारी दुपारी बसायला या म्हणाले, तीन महिने फक्त बघायचं आणि धरायचं. ते झालं की मगच कोर्सचे मेल. आईला बंड्याच्या आईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तूप-पोळीपाशी हसली, पण अजून हो म्हणाली नाहीये.

शेपूटताई, पहिल्या शनिवारी काय घालून जाऊ? हॉस्पिटलचा पांढरा कोट चालेल?

शेपूट_आणि_कणा

पांढरा कोट अजिबात नको, तो बघून निम्मी कुत्री टेबलाखाली जातात. गडद कुर्ता, ओढणी नाही, लोंबते कानातले नाहीत, गुडघ्यांना पॅड, कारण दिवस जमिनीवर जातो. सेंट लावू नकोस. आणि जाण्याआधी राजाला कुरवाळून जा, त्याचा वास अंगाला असला की बाकीचे ओळख करून घ्यायला आपणहून येतात.