मदत हवी आहे: बंद क्षेत्राच्या ठरावात होडी नसलेल्यांची नोंद कशी करायची?

नमस्कार मंडळी,

किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांच्या एका संस्थेची लिखापढी मी काही वर्षांपासून बघते. मी स्वतः मासेमारी करत नाही. ठराव, अर्ज, इतिवृत्त ही माझी कामं. सध्या एका मसुद्यावर अडले आहे. इथे या विषयातले जाणकार आहेत म्हणून विचारते.

खाडीच्या मुखाजवळचा एक पट्टा विणीच्या काळात मासेमारीला पूर्ण बंद ठेवायचा, असा ठराव आहे. त्यावर वर्षभर चर्चा झाली, भांडणं झाली, शेवटी बहुतेकांचं पटलं. पिल्लं आणि अंड्यांवरची मादी जाळ्यात येत राहिली तर पुढच्या हंगामात जाळं कोरडं येणार, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. मसुद्यात हद्द लिहिली, महिने लिहिले, जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, किती हवी ते लिहिलं, मोडणाऱ्याचा दंड लिहिला. बंदीच्या काळात नोंदणी झालेल्या प्रत्येक होडीमागे काय मदत मिळावी, तेही लिहिलं.

सभेत मसुदा वाचून दाखवत होते. मागे बसलेल्या एक मावशी उठून उभ्या राहिल्या. ओहोटीला चिखलात उतरून त्या पाटीत, म्हणजे टोपलीत, शिंपल्या काढतात आणि होड्या लागल्या की मासळी निवडायला बसतात. त्यांनी विचारलं, "होडीचा नंबर लिहायला जागा ठेवलीस. माझ्या पाटीला नंबर कुठाय?"

सभेत कोणालाच उत्तर देता आलं नाही. मी मसुदा परत घेतला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांच्याबरोबर गेले. गुडघाभर चिखलात त्या वाकून बोटांनी चाचपत होत्या, हाताला लागलेली शिंपली न बघताच ओळखत होत्या. कमरेला तारेची एक कडी बांधलेली. प्रत्येक शिंपली त्या कडीला लावून बघायच्या. कडीतून आरपार पडली की परत चिखलात, वर बोटाने हलकेच दाबून. सांगितलं, "कडीतून पडली ती उद्याची." ही कडी त्यांच्या सासूबाईंची. आमच्या मसुद्यात लहान मासळी वाचवायचे नियम दोन पानं भरून आहेत आणि ही कडी त्यांत कुठेच नाही. वर आम्ही आखलेल्या हद्दीत त्यांचा निम्मा चिखल येतो. म्हणजे नियम आधीपासून पाळणाऱ्या बाईचीच वाट आम्ही बंद करायला निघालो होतो, तिला न विचारता.

तेव्हापासून वाचते आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची कॉड माशाची मासेमारी २ जुलै १९९२ ला बंद झाली आणि सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून सांगितली होती, उठली २०२४ मध्ये. पण माझं लक्ष गेलं ते एका गोष्टीकडे: तिथल्या सरकारच्या मदत योजनांत मासे पकडणाऱ्यांबरोबर मासळी प्रक्रिया कारखान्यांतले कामगारही धरले होते. म्हणजे किनाऱ्यावरचे हात मोजता येतात, मोजायचं ठरवलं तर. छोट्या मासेमारीवर संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांचा मोठा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार जगातल्या एकूण पकडीत छोट्या मासेमारीचा वाटा किमान ४० टक्के आहे आणि या कामात असलेल्या दर १० जणांत साधारण ४ स्त्रिया आहेत. त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर होडी नसते.

दोन गोष्टींत मदत हवी आहे. ज्यांच्याकडे होडी नाही, परवाना नाही, सभासदत्वही नाही, पण ज्यांचं पोट याच पाण्यावर आहे, त्यांची यादी कोणत्या निकषावर करायची? आणि बंद क्षेत्रात हाताने वेचणाऱ्यांना सूट द्यावी की देऊ नये? सूट दिली तर होडीवाले म्हणतात, मग आम्हीच काय पाप केलं. तुमच्यापैकी कोणी असं काम केलं असेल किंवा जवळून पाहिलं असेल तर कृपया लिहा.

— धागाकर्ती

प्रतिसाद: भरती_ओहोटी

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे दोन वेगळी कामं एकाच ओळीत आली आहेत असं वाटतं.

पट्टा बंद करताय तो कोणासाठी? मासे त्या पाण्यात अंडी घालतात आणि पिल्लं तिथे वाढतात म्हणून. शिंपली वेगळा जीव. ती जागची हलत नाही, तिचा विणीचा काळ वेगळा असू शकतो, तिची संख्याही वेगळ्या कारणांनी घटते-वाढते. पाण्यातल्या जाळ्याचा नियम चिखलातल्या हाताला जसाच्या तसा लावू नका. हद्दीचे दोन भाग करा: कायम पाण्याखाली राहणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा. प्रत्येकाचे महिने वेगळे लिहा. मात्र उघड्या पडणाऱ्या भागात समुद्री गवत असेल आणि पिल्लं त्यात लपत असतील, तर तुडवण्याने नुकसान होतं. तो तुकडा सगळ्यांनाच बंद हवा.

वेचणाऱ्यांनी स्वतः बंदी पाळल्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण नैऋत्य मादागास्करचं आहे. अंदावादुआका गावाजवळ लोक, त्यातही बऱ्याच बायका, ओहोटीला प्रवाळाच्या सपाटीवर पायी फिरून ऑक्टोपस पकडतात. २००४ मध्ये त्यांनी एक तुकडा सात महिने बंद ठेवून पाहिला. ऑक्टोपसचं आयुष्य जेमतेम वर्ष-दीड वर्षाचं आणि वाढ झपाट्याची, त्यामुळे थोड्या महिन्यांच्या थांबण्यानेही वजनात मोठा फरक पडतो. आजूबाजूच्या गावांनी ते उचललं. पुढे आठ वर्षांतल्या ३६ बंद्यांचा अभ्यास झाला. पट्टा उघडल्यानंतर पकड चांगलीच वाढल्याचं दिसलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे बंदीच्या काळातही गावांचं उत्पन्न लक्षात येण्याइतकं घटलं नाही. कारण गावांच्या या बंद्यांत सगळी जागा एकदम बंद करत नाहीत. साधारण पाचवा हिस्सा, तोही दोन-तीन महिने. उरलेल्या जागेत काम चालूच राहतं.

पण हे गणित भराभर वाढणाऱ्या जीवाचं आहे. जो मासा पाच-सहा वर्षांनी वयात येतो त्याला तीन महिन्यांच्या बंदीने फक्त विणीपुरता आडोसा मिळतो, साठा भरून येत नाही. सभेत मादागास्करचं उदाहरण सांगाल तेव्हा हेही सांगा, नाहीतर पहिल्याच वर्षी लोक "कुठे वाढले मासे?" म्हणून ठराव मोडतील.

प्रतिसाद: हिशेबाची_वही

तळमळ कळते, पण एक शंका. पैसा ठरलेला असतो. होड्या मोजता येतात म्हणून मदत होडीमागे ठेवतात. उद्या पाटीवाली, बर्फ फोडणारा, जाळी दुरुस्त करणारा, सगळेच यादीत आले तर प्रत्येकाच्या हातात इतकं कमी पडेल की होडीवाला म्हणेल, यापेक्षा समुद्रात गेलेलं बरं. मग बंदीच राहणार नाही. मासळी वाचवणं हा मूळ हेतू मागे पडू नये.

प्रतिसाद: धागाकर्ती

शंका रास्त आहे आणि सभेतही हेच म्हटलं गेलं. पण यादीत नाव नसल्याने त्या बाईचं पोट थांबत नाही. तिचा मुलगा रात्री बारीक आसाचं जाळं घेऊन त्याच पट्ट्यात जाईल. ज्याला ठरावातून काहीच मिळालं नाही त्याने तो का पाळावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरं म्हणजे, मदत पैशाचीच हवी असं मावशीही म्हणत नाहीत. त्यांना त्यांचा चिखल हवा आहे आणि सभेत बोलायचा हक्क हवा आहे.

प्रतिसाद: दूरचा_किनारा

सभेत बोलायच्या हक्काचा मुद्दा सोडू नका. समाईक साधनसंपत्तीवर आयुष्यभर काम करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये जी समान तत्त्वं शोधली, त्यातलं एक हेच आहे: नियम ज्यांना लागू होतो, त्यांतल्या बहुतेकांना तो बदलण्यात सहभाग असतो. तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मासेमारांचं त्यांनी पुस्तकात मांडलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे हंगामाच्या सुरुवातीला जाळी टाकायच्या जागांच्या चिठ्ठ्या काढत आणि मग रोज प्रत्येकजण एक जागा पुढे सरकत असे. चांगली जागा आळीपाळीने सगळ्यांना मिळायची आणि कोणी फसवलं तर शेजारच्या होडीलाच कळायचं. तुमच्या चिखलाचे तुकडे पाडून अशी पाळी लावता येईल का, बघा.

पहिल्या प्रश्नाला दोन देशांतून उत्तर मिळतं. चिलीमध्ये १९९१ च्या कायद्याने किनाऱ्याचे पट्टे छोट्या मासेमारांच्या नोंदणीकृत संघटनांना व्यवस्थापनासाठी देण्याची सोय झाली. समुद्रतळावरच्या शिंपलावर्गीय जीवांसाठी ती उपयोगी ठरली. पण हक्क नोंदणीवर अवलंबून, त्यामुळे नोंदणीत नसलेली कामं कागदावर अदृश्यच राहिली. २०२१ मध्ये तिथे मासेमारीतल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात मासेमारीशी 'जोडलेली कामं' म्हणून काही कामांना मान्यता मिळाली: गळाला आमिष लावणं, जाळी विणणं, मासळी कापणं, धुरी देणं. तुमच्या मसुद्यात हाच शब्द घ्या. 'होडीधारक'च्या खाली 'जोडलेली कामं करणारे' असा दुसरा रकाना आणि त्यात कामाचं नाव. व्यक्तीकडे काय मालकी आहे हे विचारू नका, ती काय काम करते ते विचारा.

दुसरं उदाहरण स्पेनच्या गॅलिशियाचं. तिथे ओहोटीला पायी शिंपल्या काढणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच. १९९० च्या दशकात त्यांना प्रशिक्षण मिळालं, स्वतःच्या नावाचे परवाने मिळाले, मच्छीमार संघटनांत त्यांची जागा झाली. त्या आता वर्षाचा आराखडा ठरवतात, रोजची मर्यादा पाळतात, लहान शिंपल्या मोकळ्या तुकड्यात नेऊन पेरतात, राखण करतात. तुमच्या मावशींच्या कडीसारखी मापं तिथे नियमातच आहेत. तरी सगळं सुरळीत आहे असं नाही. अलीकडे अतिवृष्टीने गोडं पाणी खाडीत उतरलं आणि शिंपल्या मेल्या. त्याला त्यांचा कुठलाच नियम पुरा पडला नाही. म्हणून मदतीचं कलम फक्त बंदीच्या काळापुरतं ठेवू नका, अशा आपत्तीलाही जागा ठेवा.

सभेत कोणी "हे कुठून काढलं?" म्हणालं तर २०१४ ची अन्न व कृषी संघटनेची छोट्या मासेमारीविषयीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. त्यात मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरच्या कामांवर आणि लिंगभाव समानतेवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. ती बंधनकारक नाहीत, पण मसुद्याला आधार म्हणून चालतील.

प्रतिसाद: भरती_ओहोटी

यादी कशी करायची याचा एक साधा मार्ग आम्ही वापरला होता. घरोघरी अर्ज वाटू नका. एका पाटीचा माग काढा. होडी लागल्यापासून त्या पाटीतला मासा शेवटच्या माणसाच्या हातात जाईपर्यंत तिच्यामागे चाला आणि जो जो हात लागेल तो लिहा. वेगवेगळ्या होड्यांच्या चार-पाच पाट्यांमागे असं फिरलात की यादी आपोआप तयार होते आणि कोणाला नाकारताही येत नाही. वेचणाऱ्यांसाठी एक अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी आणि एक साधी ओहोटी, दोन्ही दिवशी डोकी मोजा. मोठ्या ओहोटीला हौशी लोकही येतात, साध्या ओहोटीला फक्त पोटासाठी येणारे असतात.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे कारण पाटीमागे चालत होते.

पहिल्या पाटीला बारा हात लागले. त्यातले होडीवरचे तीन. बाकी उतरवणारा, निवडणाऱ्या दोघी, बर्फवाला, लिलाव बोलणारा, पाटी घेणारी, तिची सून जी कापते, खराब निघालेली मासळी सुकवायला नेणाऱ्या एक आजी, आणि परत आलेल्या जाळ्याची फाटलेली आस तिथेच बसून शिवणारा एक म्हातारा, ज्याला आम्ही सगळे निवृत्त समजत होतो. साध्या ओहोटीला चिखलात सतरा जणी होत्या. मला सभेत विचारलं असतं तर मी चार-पाच म्हणाले असते.

मसुदा पुन्हा लिहायला घेतला आहे. हद्द दोन भागांत केली. 'जोडलेली कामं' हा रकाना घातला. तारेच्या कडीचं माप मोजून घेतलं आणि शिंपल्यांसाठी तेच किमान माप म्हणून लिहिलं. मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी कडी कमरेची सोडून माझ्या वहीवर ठेवली आणि पेन्सिलीने भोवती गोल काढायला लावला. म्हणाल्या, आकडा नको, हेच छाप. तो गोल ठरावाला जोडते आहे.

आता एकच अडचण उरली आहे. मादागास्करबद्दल आणखी वाचताना दिसलं की पट्टा उघडला त्या दिवशी शेजारच्या गावांतूनही माणसं लोटली होती आणि वाचवलेलं बरंचसं लगेच उचललं गेलं. आमच्याकडेही हेच होईल. भरती_ओहोटी, उघडायच्या दिवसाचे नियम तुम्ही कसे लावले होते? पहिले काही दिवस फक्त यादीतल्यांना, की सगळ्यांना पण माणशी मर्यादा ठेवून? शेजारच्यांना आधी बोलावून विचारायचं का? पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे.