व्हिनाइलच्या फरशीचा 'कट्कट्' आवाज कसा घालवावा?

कोथरूडकर:
जुन्या फ्लॅटमधील मोझेक लादी न उखडता आम्ही दिवाणखान्यात तिच्यावरच ५ मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींत अडकणाऱ्या एसपीसी (दगडाची भुकटी मिसळलेल्या कडक व्हिनाइलच्या) टाइल्स बसवून घेतल्या. आता बाल्कनीच्या दारापाशी पाय टेकला की 'कट्' असा आवाज येतो आणि उचलला की पुन्हा येतो. रात्री आई पाणी प्यायला उठली तरी बाळ दचकून जागे होते, म्हणून सगळे भिंतीच्या कडेकडेने चालतो. 'फरशी बसायला वेळ लागतो' असे ठेकेदार सांगतो. ते खरे मानावे का?

सुतारपक्षी:
मुळीच मानू नये. या टाइल्स चिकटवलेल्या नसून नुसत्या अंथरलेल्या असतात, त्यामुळे खाली खळगा असेल तेथे त्या वाकतात आणि एकीची जीभ, म्हणजे कडेची बाहेर आलेली पट्टी, दुसरीच्या खाचेत घासते. दिवस जातील तशी जीभ झिजून आवाज वाढतच जातो. तळहाताने दाबून पाहा, आणि २ मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून फट मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट मला तरी चालत नाही. उरलेल्या तुकड्याच्या पाठीला फोम आहे का, तेही कळवा.

कोथरूडकर:
दाबल्यावर टाइल खाली जाते. फट जवळजवळ ५ मिलिमीटर आहे. पाठीला काळा फोम आहे, शिवाय कारागिराने 'मऊ लागेल' म्हणून खाली पांढरा फोमही अंथरला होता.

रत्नदुर्ग:
आमच्या टाइल्स चिकटवलेल्या होत्या. पाऊल उचलताना चिकटपट्टी सोलल्यासारखा 'चर्र' आवाज येई, कारण गोंदाने नीट धरलेच नव्हते. तुमचे दुखणे वेगळे आहे. तरीही टाइल्स उघडल्यावर लादीवर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर आधी ओल शोधा.

सुतारपक्षी:
पाठीला फोम असताना खाली दुसरा मऊ थर नको, त्याने सांधे अधिकच हलतात. बाल्कनीकडचे स्कर्टिंग काढा. कडेला ८-१० मिलिमीटर मोकळी जागा सोडलेली आहे की टाइल भिंतीला भिडली आहे, हे तेव्हाच दिसेल. भिडली असेल तर कापून घ्या. त्याच बाजूने ओळी सोडवा, लादी घासून-पुसून खळगा सेल्फ लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या) सिमेंटने भरा आणि ते पूर्ण वाळू द्या. पांढरा फोम मात्र संपूर्ण खोलीतून काढावा लागेल, म्हणजे सगळ्याच टाइल्स उचलाव्या लागतील. सांध्यात गोंद किंवा टाल्कम पावडर सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खळगा तसाच राहतो. परत बसवताना प्रत्येक टाइलच्या जिभेवरून बोट फिरवा; जेथे ती तुटलेली लागेल, ती टाइल बदला.