बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलेल्यांनो, तुमचे डाव सांगा (अनुभव धागा)

कृष्णाकाठ

परवा रात्री दिव्या देशमुखच्या बातुमीतल्या (जॉर्जिया) महिला विश्वचषकाच्या फायनलचा व्हिडिओ पुन्हा बघत बसले. जुलै २०२५ चा. कोनेरू हंपीसारखी खेळाडू समोर, दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, कोंडी फोडायच्या टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक जिंकते. मग आईच्या गळ्यात पडून रडते. सगळं पाठ आहे तरी बघते. या वेळी मात्र लक्ष भलतीकडेच गेलं. तो हॉल किती शांत आहे! आम्ही सांगलीला खेळायचो तेव्हा चावीची घड्याळं असायची. ओळीने मांडलेले पट आणि प्रत्येकाशेजारी टिकटिक. डाव रंगला की ती ऐकू येईनाशी व्हायची, आणि वेळ कमी उरली की फक्त आपल्याच घड्याळाची ऐकू यायची.

भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने सांगलीत हा खेळ किती खोल रुजवला ते इथल्या पुष्कळांना माहीत असेल. मी त्याच वातावरणात शिकले. पुढे नोकरी, लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण. पट माळ्यावर गेला. मुलगा शिकायला बाहेर पडल्यावर पुन्हा नाव नोंदवलं, पुण्याला, सोळाशेच्या खालच्या मानांकनाच्या (रेटिंगच्या) गटात.

एका फेरीत समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी आली. बसून पट नीट दिसत नव्हता म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून खेळत होती. उत्तम खेळत होती. शेवटाला तिच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. राजा प्याद्याच्या वाटेत उभा केला आणि फिलिडोरचा बचाव धरला. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे तिचा राजा पुढे येऊ शकत नाही. तिने प्यादं त्या ओळीवर ढकललं रे ढकललं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. तिच्या राजाला आता प्याद्याचा आडोसा उरत नाही. पोरीने तासभर सगळे उपाय करून पाहिले. शेवटी बरोबरी. सही झाल्यावर हळूच विचारते, "काकू, हे कोणी शिकवलं तुम्हाला?" बाहेरच्या पटावर तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनेच मला करून दाखवलं.

मी अजून का खेळते, तर घरी, ऑफिसात, आपलं बोलणं लोक अर्धवट ऐकतात. तिथे मी एक प्यादं एक घर पुढे सरकवते आणि एक अनोळखी माणूस त्यावर वीस मिनिटं मनापासून विचार करतो. ही आदराची गोष्ट आहे. मला ती दुसरीकडे कुठे फारशी मिळालेली नाही.

तुम्ही लिहा. बक्षिसंच मिळालेली हवीत असं काही नाही.

एकटा_उंट

चावीची घड्याळं!! काटा बाराला आला की तो लाल फ्लॅग हळूहळू वर उचलला जायचा, आणि कधी पडेल (म्हणजे वेळ संपेल) त्याचा नेम नाही. दोघांच्याही पाच-पाच चाली उरलेल्या, सगळा हॉल भोवती गोळा. आताच्या मुलांना दर चालीला तीस सेकंद मिळतात. मला तेच बरं वाटतं. चांगला डाव घाईत मातीत जात नाही. फक्त तीस सेकंद मिळतात म्हणून शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहावी लागते, शेवटच्या पाच मिनिटांतली सूट नाही. रात्री खोलीवर येऊन सगळा डाव पुन्हा मांडता येतो हा त्याचा फायदा.

संत्रानगरी

दिव्याचं नाव काढलं की आम्हा नागपूरकरांचा ऊर भरून येतो. मी खेळत नाही, लेक खेळतो. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे माझा सगळा अनुभव जिन्यावरचा. पाच दिवसांत नऊ फेऱ्या, म्हणजे बरेच दिवस सकाळ-संध्याकाळ दोन डाव. मधल्या वेळात जेवण, तेही पोटाला जड नको, नाहीतर दुसऱ्या डावात पेंगतो. आम्ही आया जिन्यावर बसून एकमेकींचे डबे, लॉज, परतीची तिकिटं सगळं जुळवून देतो. मूल दारातून बाहेर येताना चेहऱ्यावरून कळतं. पहिला नियम, लगेच विचारायचं नाही. आधी पाणी.

एक विचारू का, विषय नाही तरी. चार-पाच दिवस टिकेल असं काय नेता तुम्ही? थालीपीठं तिसऱ्या दिवशी वातड होतात.

माहीमची_खाडी

@संत्रानगरी दशम्या. दुधात भिजवलेल्या. वेळ मिळाला की लिहिते, कुकर लावलाय.

रविवारी_रॅपिड

माझा हा अनुभव अजून डोक्यातून जात नाही. समोर सत्तरीचे काका. माझा डाव पूर्ण गेलेला, दोन प्यादी कमी आणि राजा उघडा. फोन बंद करून बॅगेत ठेवायची परवानगी होती. काकांनी बंद केलाही होता, पण जुना फोन, बंद असला तरी अलार्म वाजतो. गोळीची वेळ झाली आणि वाजला. पंच आले. नियम स्पष्ट आहे, डाव गेला. मी विचारलं की माझी काही हरकत नाही, पुढे खेळू द्या. पंच म्हणाले, तसं करता येत नाही. त्यांचंही बरोबर होतं, बाकीच्यांना एक नियम आणि यांना एक असं कसं चालेल. काका शांतपणे उठले, सही केली, म्हणाले "चला, गोळी घेऊन येतो, मग बाहेर पूर्ण करू." बाहेर पिंपळाच्या पारावर आम्ही तो डाव तिथूनच पुढे खेळलो. काकांनी किती सुंदर जिंकला! कागदावर गुण माझ्या नावावर आहे. माझ्या वहीत मी तो डाव पारावरच्या शेवटासकट, काकांच्या नावाने लिहून ठेवलाय.

पाटणकर_पुढे

वा काका. डोळ्यात पाणी आलं वाचून.

एकटा_उंट

+१. काका अजून खेळतात का?

रविवारी_रॅपिड

हो. गेल्या महिन्यात ज्येष्ठांच्या गटात बक्षीस घेतलं त्यांनी. आता फोन काकूंकडे देऊन येतात :)

गिरगावची_चाळ

साल १९७६. रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. त्यावर केवढा गदारोळ झाला. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बहिणी आमच्या मुंबईच्या. मी तेव्हा शाळेत. वडिलांनी पेपरातली बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी मला क्लबात घेऊन गेले. तिथे मी एकटी मुलगी. कोणी वाईट वागलं नाही, पण माझ्याशी खेळायला बसायचं कोणी, यावर नजरानजर व्हायची. शेवटी एक पोस्टमन होते, ते म्हणाले, ये ग. आज मुलींच्या गटाच्या याद्या बघते तेव्हा नावं संपतच नाहीत. बघून फार समाधान वाटतं.

कृष्णाकाठ

@गिरगावची_चाळ किती छान लिहिलंत ताई. त्या पोस्टमनकाकांना नमस्कार.

अठराशेचा_उंबरठा

मानांकनाबद्दल कोणी बोललंच नाही अजून. मोठ्या माणसांना यातली खरी अडचण काय ते सांगतो. लहान मुलं रोज चार तास सराव करतात, त्यांची ताकद महिन्यामहिन्याला वाढते, मानांकन मागून येतं. शिवाय अठरा वर्षांच्या आत असताना त्यांचा के (एका निकालाने मानांकन किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो (मानांकन २३०० च्या खाली असेपर्यंत), आपला पहिल्या तीस डावांनंतर २०. म्हणजे तेवढ्याच निकालाने त्यांचं मानांकन दुप्पट हलतं. म्हणून कागदावर १५०० दिसणारं पोरगं पटावर १८०० चं खेळतं. हरलात म्हणून खचू नका, आकडा जुना असतो.

नुसताच_प्यादा

ते मार्च २०२४ ला सगळ्यांचे आकडे वाढले ते काय होतं मग? माझं १२०० होतं

अठराशेचा_उंबरठा

२००० च्या खालच्यांना एकदाच वाढ दिली. २००० मधून तुमचं मानांकन वजा करायचं, त्याच्या ४० टक्के मिळवायचे. तुमचे ८०० चे ४० टक्के ३२०, म्हणजे १५२०. १५०० वाल्याचं १७०० झालं. आणि सगळ्यात खालची पातळी १००० ची १४०० केली.

नुसताच_प्यादा

बरोब्बर १५२० च दिसतंय. धन्यवाद दादा, दोन वर्षं कोडं होतं.

दुपारची_चाल

मला एका अंध खेळाडूशी खेळायला मिळालं त्याबद्दल लिहायचं होतं, सकाळपासून वेळ शोधतेय. दोन पट असतात. माझा नेहमीचा, त्याचा वेगळा. त्याच्या पटावर काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, आणि काळ्या मोहऱ्या हाताला कळाव्यात म्हणून त्यांना वेगळी खूण. एरवी हात लावलेला मोहराच चालवावा लागतो, पण त्याने हात लावला म्हणजे स्पर्श झाला असं धरत नाहीत, मोहरा भोकातून उचलला तरच. तो सगळा वेळ दोन्ही हातांनी डाव वाचत असतो.

चाली मोठ्याने सांगायच्या. ऐकताना घोटाळा नको म्हणून उभ्या ओळींना नावं आहेत, ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. मी "ईव्हा चार" म्हटलं की तो ते परत म्हणणार, मग आपल्या पटावर चाल करणार. सुरुवातीला माझा आवाज फारच हळू येत होता. तो म्हणाला, "ताई, मोकळेपणाने बोला, तुमच्या आवाजावरून मला तुमचा विचार कळत नाही." आमच्या टेबलावर दोघांचे आवाज आणि बाकी हॉल शांत. प्रत्येक चाल तोंडाने उच्चारायची असल्यामुळे मी एकही चाल सवयीने केली नाही. हरले, पण माझ्या आयुष्यातला सर्वात लक्षपूर्वक खेळलेला डाव तो.

नंतर कळलं की अंधांच्या बुद्धिबळासाठी चारुदत्त जाधव यांनी केवढं काम उभं केलंय. ज्यांना शक्य आहे त्यांनी अशा स्पर्धांना स्वयंसेवक म्हणून जरूर जा. चाली लिहायला, मोठ्याने सांगायला माणसं लागतात.

पाटणकर_पुढे

हे माहीतच नव्हतं. माझ्या शाळेत (मी शिक्षक) एक विद्यार्थी आहे, त्याला हा पट कुठून मिळेल?

दुपारची_चाल

व्यनि (खाजगी निरोप) करते सर.

फिलीकर

इकडे अमेरिकेत स्पर्धेला जाताना पट, मोहऱ्या आणि घड्याळ स्वतःचं घेऊन जावं लागतं. पहिल्यांदा मला खरंच वाटेना. चार जुलैच्या सुट्टीला धरून वर्ल्ड ओपन असते, हॉटेलच्या मोठ्या दालनात शेकडो माणसं पाठीवरच्या पिशव्यांतून गुंडाळलेले पट काढत असतात. जत्रेतली दुकानं लागावीत तसं ते दृश्य दिसतं. मी आईने पाठवलेल्या लाकडी मोहऱ्या नेतो. समोरचा दर वेळी घोडा हातात घेऊन बघतो, कुठून आणला विचारतो, मग गप्पा सुरू. एकदा एका डावानंतर समोरच्याने नाव वाचून "पुण्याचे का?" असं स्वच्छ मराठीत विचारलं. त्याचे आजोळ सोलापूरचे. पुढच्या फेरीपर्यंत आम्ही बुद्धिबळ सोडून फक्त शेंगा चटणीवर बोललो.

वाईचा_घाट

आमच्याकडे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, राजाने शह खाल्ला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरं जायची मुभा. समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी. मी शाळेच्या स्पर्धेत उतरलो तेव्हा समोरच्याने माझं प्यादं बाजूने जाता जाता उचललं (आँ पासाँ). मी हात वर करून पंचांना बोलावलं. त्यांनी घड्याळ थांबवलं, शांतपणे नियम समजावला, पुस्तक उघडून दाखवलं. डाव संपल्यावर स्वतः येऊन म्हणाले, आजोबांना घेऊन ये एकदा, मला त्यांच्या पद्धतीने खेळायचंय. आणि खरंच खेळले! आजोबांनी त्या दिवशी फेटा बांधला होता. अजून कोणाच्या घरात ती पद्धत कोणाला येत असेल तर कृपया त्यांच्याकडून सगळे नियम नीट लिहून घ्या. गावागावात फरक होते, आणि ती माणसं थोडी उरलीत.

गिरगावची_चाळ

@वाईचा_घाट माझ्या आत्याला येतं, वय ८८. या रविवारी वही घेऊन जाते.

वाईचा_घाट

नक्की जा ताई. जमलं तर व्हिडिओही करा. बुर्जीचे गुण त्यांच्याकडे कसे मोजायचे ते मुद्दाम विचारा.

संत्रानगरी

माहीमताई, कुकर झाला का :) पुढच्या आठवड्यात औरंगाबादला निघायचंय आम्हाला

माहीमची_खाडी

हो हो, घ्या. कणकेत थोडं ज्वारीचं पीठ, मीठ, चमचाभर तूप. कोमट दुधात भिजवायची, पाणी अजिबात नको. भाकरीपेक्षा पातळ लाटायच्या, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तूप सोडून भाजायच्या. पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात बांधा, गरम असताना डब्यात घातल्या तर वाफेने खराब होतात. तीन दिवस तर आरामात जातात. सोबत दाण्याची चटणी. गोड आवडत असेल मुलाला तर अर्ध्या दशम्या गुळाच्या करा, सकाळच्या फेरीआधी एक दिली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

संत्रानगरी

गूळ दुधात विरघळवून घ्यायचा का किसून?

माहीमची_खाडी

विरघळवून. दूध आधी तापवून कोमट करून मग, नाहीतर फाटतं.